चिप आधी, रेबीजची लस नंतर: जर्मनीला कुत्रा नेणाऱ्यांसाठी

तुम्ही लिहिलंय की रेबीजची लस मागच्याच महिन्यात झाली, आणि डॉक्टर म्हणतात कुत्र्याच्या कातडीखाली बसवायची ओळखीची चिप काय, जाण्याआधी कधीही बसवू. कृपया थांबा. आमचं सगळं याच वाक्यामुळे अडलं होतं.

युरोपियन युनियनमध्ये चिप बसवल्यानंतर (किंवा त्याच दिवशी, पण चिप आधी) दिलेली रेबीजची लसच धरतात. आधीची लस कितीही ताजी असो, ती दिलेली नाही असंच समजतात, कारण टोचलेला कुत्रा हाच, याचा पुरावा राहत नाही. आमच्या क्लिनिकने लस आधी दिली, चिप काही आठवड्यांनी. तारखा विचारल्या तर उत्तर मिळालं, "अहो, कुत्रा तोच आहे ना!" कागद तपासणाऱ्या कार्यालयानेही फाइल नुसती "अपूर्ण" म्हणून परत केली. काय अपूर्ण, ते खिडकीवर कुणी सांगेना. शेवटी जर्मनीतल्या एका पशुवैद्याने लसीच्या पुस्तकाचा फोटो बघून लगेच दाखवून दिलं. तोवर नवऱ्याची रुजू व्हायची तारीख आली होती आणि आमची कुत्री राणी सासूबाईंकडे नाशिकला राहिली. याचा राग मला अजून येतो. क्लिनिकमधल्या किंवा कार्यालयातल्या एकाने जरी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तरी पुरलं असतं.

आता हिशोब. चिप, मग नवी लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी टायटरसाठी, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झाली का ते मोजायच्या चाचणीसाठी, रक्त (०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला हवं, तेही युरोपने मान्य केलेल्या लॅबमधून), आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबणं. म्हणजे चार महिने धरूनच चाला. तिकीट आत्ता काढू नका.

चिप १५ अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचीच घ्या. जुन्या प्रकारची चिप तिथल्या नेहमीच्या स्कॅनरवर वाचली जाईलच असं नाही. बसवल्यावर तुमच्यासमोर स्कॅन करायला लावा आणि नंबर स्वतः जुळवा: स्टिकरवर, लसीच्या पुस्तकात, लॅबच्या फॉर्मवर. एक अंक चुकला तरी अडवतात. रक्त घ्यायच्या दिवशीही आधी स्कॅन करा म्हणा, डॉक्टरांना कंटाळा आला तरी. चिप कधी कधी खांद्याकडे सरकते, म्हणून स्कॅनर पाठीवर सगळीकडे फिरवून बघायला सांगा.

बाकी, चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिच्यात बॅटरी नसते, फक्त नंबर असतो. त्यामुळे गळ्यात फोन नंबरचा पट्टा हवाच, आणि चिपचा नंबर एखाद्या डेटाबेसमध्ये तुमच्या फोनसकट नोंदवा. नोंद नसेल तर स्कॅन करणाऱ्याच्या हाती नुसते आकडे.

मी पशुवैद्य नाही आणि नियम बदलतात, तेव्हा जाण्याआधी अधिकृत माहिती आणि एअरलाइन दोन्हींकडे विचारा. पण क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: डॉक्टर "चालतं" म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा.

क्रेटची (विमानात न्यायच्या पिंजऱ्याची) सवयही आत्ताच लावा, त्यात जेवण द्यायला सुरुवात करा. आणि चिप बसवली की लसीच्या पानाचा फोटो इथे टाका, नंबर झाकून. तारखा मी बघून देते.