शनिवारची लीद जरा थांबवा

"तीन वर्षं यादीत ताटकळून अखेर अलॉटमेंट (ब्रिटनमध्ये भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळालं. शनिवारी ट्रेलर घेऊन तबेल्यातून फुकटची लीद आणतोय, मग बटाटे, टोमॅटो आणि आईसाठी मेथी." तुमचं हे वाचून पोटात गोळाच आला. अगदी याच क्रमाने मी माती खाल्ली होती.

तण, कुदळ, बियाणं याबद्दल बाकीचे सांगतीलच. (पूर्ण प्लॉट म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. नोकरी सांभाळून अर्धा पुष्कळ झाला, हे माझं मत.) मी फक्त लिदीबद्दल बोलतो.

माझी लीद दिसायला एक नंबर होती. काळीभोर, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. पंधरा ढकलगाड्या ओतल्या. जूनमध्ये टोमॅटोचे शेंडे मूठ मिटल्यासारखे आत वळले, पानं नेच्याच्या कोंबासारखी बारीक, पिळवटलेली. बटाट्यांचं तेच. रोग समजून सगळं उपटलं आणि वर शहाणपणा म्हणजे कंपोस्टच्या ढिगात टाकलं! मका तेवढा मजेत उभा होता.

तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक फवारतात. गवताला त्याने काही होत नाही (मकाही गवतवर्गातलाच), घोड्यालाही नाही. चाऱ्यातून ते लिदीत उतरतं आणि लीद कुजली तरी महिनोन्‌महिने टिकतं. ब्रिटनमध्ये २००८ साली यावरून एवढी बोंब झाली की त्याची विक्री काही काळ थांबवली होती.

तबेलेवाले म्हणाले, चारा विकतचा, आम्हाला काय ठाऊक. प्लॉट ज्यांच्या ताब्यात त्या कार्यालयाला फोटो पाठवले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं ते नोटीस होऊन: पुरेशी जागा लागवडीखाली नाही, सुधारणा करा. अहो, लावलेलं मेलंय हेच तर कळवत होतो! फोटो कोणी उघडलेही नसावेत. असो.

तर आधी परीक्षा घ्या. ढिगाच्या चार-पाच ठिकाणची लीद घेऊन पॉटिंग कंपोस्टमध्ये (कुंड्यांसाठी विकत मिळणारं मिश्रण) निम्मी निम्मी मिसळा, दुसऱ्या कुंडीत नुसतं कंपोस्ट. दोन्हींत शेंगवर्गातल्या ब्रॉड बीन्सच्या चार-चार बिया पेरा. उगवल्यावर तीन-चार आठवडे बघा. लिदीतलीच पानं मुडपली तर नको ती लीद. मी काही कृषी पदवीधर नाही, आणि ही परीक्षा म्हणजे हमीही नाही; पण मला कोणी एवढं सांगितलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता.

मेथीही शेंगवर्गातलीच, म्हणून तिला यंदा बिनखताचा वाफा द्या. कोथिंबिरीसाठी पाकिटाला पैसे घालू नका, वाण्याकडचे धणे हलके रगडून दर तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेरा. इथल्या जूनमध्ये ती बघता बघता फुलावर येते.

ट्रेलर ठरवलाच असेल तर रद्द करू नका, त्यातून पाण्याची पिंपं आणा. आमच्या इथे तरी नळ एप्रिलपर्यंत बंदच असतो.