वाचकांचे प्रश्न : क्लोन पेडल आणि दौऱ्यावरचे पोट

प्रश्न : स. न. वि. वि. मी आठ वर्षांपासून एका बँडमध्ये गिटार वाजवतो. माझ्या पेडलबोर्डवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडले मांडलेल्या फळीवर, एका गाजलेल्या आणि आता बनत नसलेल्या ओव्हरड्राइव्हचा (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचा) क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल आहे. मूळ नग परवडण्याची शक्यता नाही आणि आवाजात मला फरकही जाणवत नाही. गेल्या महिन्यात कार्यक्रमानंतर एका ज्येष्ठ गिटारवादकांनी बोर्डकडे बोट दाखवून ‘हा चोरीचा माल’ असे म्हटले. ते शब्द मनातून जात नाहीत. क्लोन वापरणे ही खरोखर चोरी आहे का?

उत्तर : त्या ज्येष्ठांनी शब्द जरा घाईने वापरला. चोरीत एकाकडची वस्तू जाते आणि दुसऱ्याकडे येते. इथे वस्तू जिथल्या तिथे आहे आणि तिच्यासारखी दुसरी तयार झाली आहे. तरीही त्यांना जे खटकले ते अगदीच निराधार नाही, म्हणून आधी पेडल उघडूनच पाहू.

मागचे चार स्क्रू काढले की आत एक तळहाताएवढा सर्किट बोर्ड दिसतो. त्याच्यावर एखाद-दुसरी आठ पायांची चिप, दोन-चार डायोड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. यांतले बहुतेक भाग कोणालाही विकत मिळतात. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मूल्यांचे जोडले, एवढीच त्या पेडलची विद्या, आणि ही विद्या कायद्याला फारशी कुलूपबंद करता येत नाही. पेटंट घेतलेच तर त्याचे संरक्षण साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, परंतु बहुसंख्य ॲनालॉग पेडलांचे पेटंट कोणी घेतलेलेच नसते, कारण डायोडने सिग्नलचे माथे छाटण्याची युक्ती पेडलांच्या आधीपासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये रुळलेली होती. कॉपीराइट मिळतो तो आकृतीच्या रेखाटनाला किंवा डिजिटल पेडलमधल्या प्रोग्रॅमला. सर्किट जे काम करते त्या कामाला नाही. नाव, बोधचिन्ह आणि ओळखीचे रूप यांना मात्र ट्रेडमार्कचे पक्के कुंपण असते.

‘मूळ’ या शब्दाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. मॅस्ट्रो फझ-टोन हे फझ, म्हणजे आवाज फार घोगरा करणारे पेडल १९६२ मध्ये बाजारात आले आणि त्याच्या सर्किटाचे रीतसर पेटंटही झाले. गॅरी हर्स्ट यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये टोन बेंडर बनवले ते त्याच फझ-टोनमध्ये फेरफार करून, आणि आज आपण टोन बेंडरला स्वतंत्र अभिजात पेडल मानतो. बॉसच्या १९७७ च्या ओडी-१ या ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, फीडबॅकमध्ये (बाहेर पडणारा सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत) बसवलेले होते. दोन वर्षांनी आलेल्या आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्येही ते त्याच जागी सापडतात, फक्त छाटणी दोन्ही बाजूंनी सारखी होते. सुसुमु तामुरा यांनी रचलेल्या या ट्यूब स्क्रीमरची पुढे किती अपत्ये झाली, हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. नकलेचा विटाळ मानायचा ठरवला, तर निम्मे पेडलबोर्ड रिकामे करावे लागतील, आणि त्या ज्येष्ठांचा बोर्डही त्यातून सुटेल असे मला वाटत नाही.

आपण नाव लिहिलेले नाही, पण वर्णनावरून आपला क्लोन ‘क्लॉन सेंटॉर’ या ओव्हरड्राइव्हचा असावा असे धरून चालतो. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून सेंटॉर विकायला सुरुवात केली आणि सुमारे ८,००० नग झाल्यावर ते बनवणे थांबवले. सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून ते त्याच्यावर इपॉक्सीचा थर ओतत असत. हौशी मंडळींनी तो थर चिकाटीने खरवडला, एकेक भाग मोजला आणि आकृती सर्वांसाठी खुली केली. आज जुन्या सेंटॉरची जी अवाच्या सव्वा किंमत सांगितली जाते, ती देणारा आणि घेणारा दोघेही बहुधा संग्राहक असतात; निर्मात्याच्या हाती त्यातून काही पडत नाही. या वेडाचा फिनेगन यांनाही वैताग आला असावा, कारण पुढे त्यांनी केटीआर हे पेडल आणले तेव्हा, हा हास्यास्पद गाजावाजा माझा नव्हे, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी पेडलच्या दर्शनी भागावरच छापले.

मात्र हेच फिनेगन २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. बेरिंजर या कंपनीने काढलेल्या पेडलने सेंटॉरचे नाव आणि रूप उचलले आहे आणि त्यामुळे त्यामागे आपणच आहोत असा लोकांचा समज होतो, ही त्यांची तक्रार होती. सर्किटाचे क्लोन कितीतरी वर्षे उघडपणे विकले जात होते. दावा उभा राहिला तो नावावर आणि रूपावर. त्याआधी २००५ मध्ये बॉसची मालक असलेल्या रोलँड कंपनीनेही बॉस पेडलांच्या रूपाची नक्कल केल्यावरून याच कंपनीला न्यायालयात खेचले होते. म्हणजे पेडल बनवणाऱ्यांच्या जगातही खरी ठिणगी पडते ती ‘हे कोणी बनवले’ याबद्दल दिशाभूल होते तिथे. मला हीच रेघ बरोबर वाटते.

कायद्याने परवानगी दिली म्हणजे सगळे निर्मळ झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. एखादा कारागीर दोन-तीन वर्षे खपून नवी रचना करतो, छोट्या खोलीत बसून ती सोल्डर करतो, आणि त्याने पहिले शंभर नग विकण्याआधीच एखादी मोठी कंपनी तीच रचना एक-चतुर्थांश किमतीत बाजारात ओतते. अशा वेळी तो क्लोन कायदेशीर असला तरी मी घेत नाही, आणि आपणही घेऊ नये असे मला वाटते. त्या कारागिराचे खरोखर नुकसान होते आणि ते भरून काढायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. उलट, तीस वर्षांपूर्वीची रचना, तीही मूळ निर्मात्याने बनवणे थांबवलेली, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या रूपात कोणी काढली असेल, तर तिच्याबद्दल मला काहीच अपराधी वाटत नाही. माझ्या बोर्डवर असे दोन क्लोन आहेत आणि कोणी विचारले तर ते क्लोन आहेत हे मी आधी सांगतो.

आपले पेडल खुशाल ठेवा. त्याच्यावर सेंटॉरचे नाव किंवा चित्र जसेच्या तसे छापलेले असेल तर मात्र तो क्लोन नव्हे, ती बनावट आहे; ते मूळ म्हणून कधी विकू नका. आणि त्या ज्येष्ठांच्या कानाला मूळ पेडलमधल्या जर्मेनियम डायोडची जात ऐकू येत असेल, तर त्यांचे मनापासून अभिनंदन करा. ड्रम सुरू झाल्यावर माझ्या कानाला ती येत नाही.

प्रश्न : मी साउंड इंजिनिअर आहे आणि बँडबरोबर परदेश दौऱ्यांवर जाते. दर दौऱ्यात तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पोट बिघडते. मागच्या वेळी जुलाब थांबवणारी गोळी घेऊन कार्यक्रम पार पाडला, परंतु रात्री ताप चढला. एका सहकाऱ्याने स्वतःजवळची अँटिबायोटिकची दोन गोळ्यांची उरलेली पट्टी दिली, ती मी घेतली. ती गोळी जेनेरिक होती. हे योग्य झाले का? आणि जेनेरिक औषध म्हणजे पेडलच्या क्लोनसारखेच समजायचे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वरच्या पत्राला लागूनच आला आहे. होय, जेनेरिक औषध हा प्रामाणिक क्लोन आहे. पेटंटची मुदत संपल्यावर तेच औषधी द्रव्य, तेवढ्याच मात्रेत, वेगळ्या नावाने तयार होते, आणि ते शरीरात मूळ औषधाइतकेच पोहोचते हे उत्पादकाला दाखवून द्यावे लागते. बनावट औषध ही निराळी गोष्ट आहे. तिथे खोके दुसऱ्याचे असते आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नसते. पेडल बनावट निघाले तर फक्त आवाज बिघडतो, औषध बनावट निघाले तर जिवावर बेतू शकते, म्हणून प्रवासात औषध परवानाधारक दुकानातूनच घ्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे निघतानाच बरोबर ठेवावे.

गोळी जेनेरिक होती यात वावगे काही नाही. ती उरलेली होती, कोणत्या जंतूसाठी होती आणि मात्रा पुरेशी होती की नाही ते ठाऊक नव्हते, हे मात्र चुकले. प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतात, त्यातही ई. कोलायच्या विष सोडणाऱ्या जातीमुळे. कधी नोरोव्हायरस असतो, आणि जुलाब दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळले तर जिआर्डियासारख्या परजीवीचा संशय घ्यावा लागतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. जिवाणूंचे साधे जुलाबही उपचाराविना तीन ते सात दिवसांत थांबतात, त्यामुळे सौम्य त्रासात अँटिबायोटिक घेऊच नये. उगाच घेतल्याने आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू बस्तान मांडतात आणि ते आपल्याबरोबर घरी येतात.

जुलाब थांबवणारी गोळी, म्हणजे बहुधा लोपेरामाइड, आतड्याची हालचाल मंदावते. जंतूंना ती हात लावत नाही. कार्यक्रमाचे दोन तास किंवा विमानाचा प्रवास निभावण्यासाठी प्रौढांनी ती घ्यायला हरकत नाही: आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसभरात ८ मिलिग्रॅमच्या वर नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आपला ताप चढला तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता. ताप, रक्त, काहीही पोटात न ठरू देणाऱ्या उलट्या, उभे राहताच येणारी चक्कर किंवा लघवी जवळजवळ बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर साउंड-चेक दुसऱ्या कोणाला तरी करू द्यावा.

खरे औषध सर्वांत साधे आहे. एकदा दौऱ्यावर असताना मी मंचामागच्या खोलीत जमिनीवर बसून, बादली गुडघ्यांत धरून, ड्रमरने दिलेले नुसते पाणी घोटाघोटाने पीत होतो आणि अशक्तपणा वाढतच होता. नुसत्या पाण्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत. आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतांशी उघडी असते. ओआरएस उभे आहे ते याच एका गोष्टीवर. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे क्षारजल पिंपांतून वाटले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ते सूत्र आज कोणीही वापरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ओआरएसच्या पुड्या केबलच्या पेटीत ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा भरभरून घेऊ नका. जादा साखर जुलाब वाढवते आणि जादा मीठ धोक्याचे असते.

तिसऱ्याच दिवशी पोट का बिघडते, याचेही उत्तर बहुधा दौऱ्याच्या वेळापत्रकात सापडेल. पहिले दोन दिवस माणूस सावध असतो, मग उशिरा संपलेल्या कार्यक्रमानंतर कोमट झालेले जेवण आणि बर्फ घातलेले पेय समोर येते. बर्फात जंतू मरत नाहीत, तो ज्या पाण्याचा असेल तेवढाच शुद्ध असतो. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की पुरे, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटे. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसपुढे कमी पडतो, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. दिवसभर शंभर हातांनी हाताळलेल्या केबल आपण गुंडाळता हे ध्यानात घेता, आपल्याला तर ते जास्तच गरजेचे आहे.

प्रश्न : खुली आकृती पाहून मी घरी एक फझ जोडले. मित्राला ते विकत हवे आहे. विकू का?

उत्तर : विका. मात्र आकृती प्रसिद्ध करणाऱ्याने ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिले असेल तर आधी त्याला विचारा, डब्यावर स्वतःचेच नाव घाला आणि हे सर्किट मूळ कोणत्या पेडलचे आहे ते मित्राला सांगा. सोल्डरचे सांधेही एकदा भिंगातून पाहून घ्या. पहिल्या पेडलमध्ये निदान एक तरी कच्चा राहतोच.