'मोलकी' आणि 'मोलकरीण'

विचारणा अशी आहे: हरियाणात परप्रांतातून लग्न करून आणलेल्या बायकांना 'मोलकी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'मोलकरीण'पैकीच का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

मूळ एकच. संस्कृत 'मूल्य', प्राकृत 'मोल्ल', त्यावरून दोन्हीकडे 'मोल'. पुढचा 'क' मात्र वेगवेगळा. शेतकरी, कामकरी तसा आपला मोलकरी, म्हणजे मोल घेऊन काम करणारा. त्याचं स्त्रीलिंग मोलकरीण. तिकडे ती 'मोल की' आहे. 'की' हा षष्ठीचा प्रत्यय: मोल देऊन आणलेली. मोलकरणीचं मोल तिच्या हाती पडतं. 'मोलकी'चं मोल दलालाच्या, कधी तिच्या घरच्यांच्या हाती जातं, आणि शेत, गोठा, चूल सगळं ती फुकट ओढते.

प्रत्ययाला प्रत्यय ठेवून भाषांतर केलं तर 'मोलाची' होईल. मराठीत तो गौरव आहे, त्यामुळे ती वाट बंद. हरियाणातल्या मेवात भागात अशा बाईला 'पारो' असंही म्हणतात. ते पार्वतीचं लाडकं रूप समजू नये. 'पार'हून, म्हणजे पलीकडून आणलेली, असा त्याचा अर्थ सांगतात.

2011च्या जनगणनेत हरियाणात हजार पुरुषांमागे 879 स्त्रिया होत्या. मुली गर्भातच संपवल्या, मग आसाम, बंगाल, बिहार, ओडिशातून सुना आणल्या. भाषा परकी, माहेर हजार-दीड हजार किलोमीटरवर. मार खाल्लेल्या बाईनं सांगायचं कुणाला, आणि कोणत्या भाषेत? 'पैसे मोजलेत' ही मारणाऱ्याची सबब तर त्या हाकेतच भरलेली आहे. म्हणून मला हा शब्द निव्वळ वर्णनाचा वाटत नाही, तो छळाचाच भाग वाटतो.

मराठीत लिहिताना 'मोलकी' एकदाच, अवतरणात, अर्थासह द्यावा. पुढे सरळ 'आसामहून लग्न होऊन आलेली' म्हणावं. फसवून आणली असेल तर 'फसवून आणलेली'. 'विकतची बायको' टाळावं, त्यात घेणाऱ्याचीच नजर येते.

'कथित पत्नी' तर अजिबात नको. लग्नाचा कागद नसला की सासरचे नेमकं हेच म्हणतात. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लग्नासारखं नातंही धरलेलं आहे, आणि ती सध्या तात्पुरती जिथे राहते तिथूनही तिला अर्ज करता येतो.