बार्बाडोसला सात दिवस: टॅक्सी करावी की गाडी भाड्याने घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात टोरोंटोहून सात दिवसांसाठी बार्बाडोसला जाताय, मुक्काम होलटाउनला आहे, सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे आहेत. सातही दिवस गाडी भाड्याने घ्यावी की टॅक्सीवर भागवावं, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत सांगते. सात दिवस गाडी घेऊ नका. दोन दिवस घ्या, एक अख्खा दिवस टॅक्सी ठरवा आणि उरलेले दिवस बसने फिरा.

आम्ही दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये न्यू जर्सीहून गेलो होतो. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. गाडी पूर्ण आठवड्याची घेतली होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस ती हॉटेलच्या दारात उन्हात उभी होती. होलटाउनसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावात समुद्र, दुकानं, जेवण सगळं पायी जाण्याइतकं जवळ असतं. शिवाय तुम्ही पाचजण. तिथल्या भाड्याच्या गाड्या बहुतेक छोट्या असतात, पाच माणसं आणि पाच बॅगा त्यात मावणार नाहीत. म्हणजे विमानतळावरून जाता-येता तुम्हाला मोठी टॅक्सी लागणारच.

बेट आहे जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. नकाशा बघून वाटतं, अर्ध्या दिवसात फिरून होईल. तसं होत नाही. मुख्य रस्ते सोडले की रस्ता एका बैलगाडीपुरता उरतो, दोन्ही बाजूंना दगडी भिंत नाहीतर उघडी गटारं, आणि त्यातून समोरून बस येते. आणि ऊस! तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चला सुरू होते, म्हणजे डिसेंबरात तुम्हाला सगळे फड उभे दिसतील, गाडीच्या टपाच्या वर गेलेले. प्रत्येक वळणावर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मी कराडजवळ वाढले, उसातले रस्ते मला नवे नाहीत, तरीही तिथे मी वळणावर हॉर्न दिल्याशिवाय पुढे गेले नाही. तिथे हॉर्नचा कुणाला राग येत नाही. वाट दिली म्हणून आभार मानायला आणि ओळखीचा दिसला म्हणून हाक द्यायलाही लोक हॉर्नच वाजवतात.

गाडी डावीकडून चालवायची, स्टेअरिंग उजवीकडे. तुम्हाला वाटेल, पुण्यात शिकलोय, काय अवघड आहे. पण तुम्ही कॅनडात किती वर्षं उजवीकडून चालवताय, त्याचा हिशोब करा. डोक्याला डावी बाजू आठवते, हाताला आठवत नाही. आमच्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला होता, आपल्याकडच्या मारुतीत असतो तसा, आणि पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर वायपर चालू व्हायचा. खरा धोका वेगळाच आहे. डाव्या स्टेअरिंगची सवय असलेला माणूस उजवीकडच्या सीटवर बसला की नकळत गाडी डावीकडे सरकवतो, कारण आपल्या डाव्या अंगाला अजून अर्धी गाडी आहे हे लक्षात राहत नाही. तिसऱ्या दिवशी सेंट जोसेफ भागातल्या एका उतारावर समोरून बस आली, मी आणखी डावीकडे घेतलं आणि दगडाच्या कडेला घासून पुढचा टायर बाजूने चिरला. कुणाला लागलं नाही. बसमधली दोन माणसं उतरून आली, त्यांनीच स्टेपनी लावून दिली. पण गाडी परत करताना कळलं की आम्ही जादा पैसे देऊन घेतलेल्या विम्यात टायर धरलेलेच नव्हते. म्हणून गाडी घेताना हा एक प्रश्न तोंडावर विचारा: टायर, काच आणि आरसे विम्यात आहेत का? तुमच्या क्रेडिट कार्डाचा विमा परदेशातल्या भाड्याच्या गाडीला चालतो का, हेही निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. तिथे चालवायला पर्यटकांचा परवाना लागतो, तो तुमचं कॅनडाचं लायसन्स बघून गाडी देणारेच काढून देतात. त्याची काळजी नको.

भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला एच असतं, त्यामुळे पाहुणा आहे हे सगळ्यांना लांबून कळतं आणि लोक सांभाळून घेतात.

आता टॅक्सी. खऱ्या टॅक्सीच्या प्लेटवर झेड असतं. मीटर नसतो, ठरावीक अंतरांचे दर सरकारने ठरवलेले आहेत, पण बसण्याआधी आकडा विचारायचा आणि लगेच दुसरा प्रश्न: कुठले डॉलर? बार्बाडोसचे 2 डॉलर म्हणजे अमेरिकेचा 1, हा भाव 1975 पासून पक्का बांधलेला आहे. तुमच्या डोक्यात कॅनडाचा तिसरा डॉलर असणार. ड्रायव्हर "साठ" म्हणाला आणि तुम्ही न विचारता बसलात, तर उतरताना रक्कम दुप्पट होऊ शकते. यात फसवाफसवी असेलच असं नाही, तिथे दोन्ही डॉलर रोजच्या व्यवहारात चालतात म्हणून हा घोळ होतो. रोज दोन-तीनदा टॅक्सी केलीत तर गाडीपेक्षा महाग पडेल, हे खरं आहे. म्हणूनच बस.

होलटाउनवरून उत्तरेला स्पाइट्सटाउन आणि दक्षिणेला ब्रिजटाउन असा किनाऱ्याचा रस्ता आहे, त्यावर बसची वाट फार बघावी लागत नाही. निळ्या बस सरकारी, पिवळ्या मिनीबस खासगी, आणि पांढऱ्या व्हॅन, ज्यांना सगळे झेडआर म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिन्हींचं तिकीट माणशी साडेतीन बार्बाडोस डॉलर होतं, कितीही लांब जा. पाचजणांचे साडेसतरा, म्हणजे पावणेनऊ अमेरिकन डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. थांब्यावरच्या पाटीवर 'शहराकडे' किंवा 'शहराबाहेर' एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं, शहर म्हणजे ब्रिजटाउन. झेडआरमध्ये गाणी मोठ्याने लागतात आणि माणसं दाटीने बसवतात. तुमच्या मुलीला ते फार आवडेल, सासूबाईंना निळी बस बरी.

अख्ख्या दिवसाची टॅक्सी मी मुद्दाम सांगतेय. टायरच्या प्रकारानंतर आई पुन्हा माझ्या गाडीत बसायला घाबरत होती, म्हणून चौथ्या दिवशी आम्ही एका टॅक्सीवाल्या काकांना दिवसभरासाठी ठरवलं. साठीचे गृहस्थ. सेंट अँड्र्यू भागात चेरी ट्री हिलकडे जाताना बाबा म्हणाले, जरा थांबव म्हणावं. रस्त्याकडेला फड अर्धा तुटलेला होता. बाबांनी उतरून एका उसाची दोन पेरं वितीने मोजली, खालचं पाचट बाजूला करून बुडखा बघितला आणि मला म्हणाले, "पाणी कमी पडलंय." मी ते इंग्रजीत सांगितलं. काका बाबांकडे बघतच राहिले. त्यांचे वडील आयुष्यभर ऊसतोडणी करत होते, आणि त्या वर्षी पाऊस खरंच उशिरा आला होता. पुढचा अर्धा तास दोघं तिथेच उभे होते. टनाला काय दर, तोडायला माणसं मिळतात का, कोयता कसा धरतात. मी मध्ये दुभाषी. बाबांना बार्बाडोसमधलं दुसरं काही आता फारसं आठवत नाही, तो फड आठवतो. मी गाडी चालवत असते, तर माझे डोळे रस्त्यावर असते आणि आम्ही तिथून पुढे निघून गेलो असतो.

सासू-सासऱ्यांना त्या दिवशी गुहा दाखवा, हॅरिसन्स केव्ह. आत ट्रॅममधून नेतात, फारसं चालावं लागत नाही. मग चेरी ट्री हिलवरून खाली पूर्वेचा किनारा बघा आणि बॅथशेबाला उतरा. तिथे समुद्रात मोठाले खडक एकेकटे उभे आहेत, लाटा अंगावर येतात. पोहायला जाऊ नका, ओढ फार आहे. नुसतं बसून बघा.

तुमचे गाडीचे दोन दिवस आठवड्याच्या शेवटी ठेवा, तोवर रस्त्यांची ओळख झालेली असेल. एक दिवस उत्तर टोकाला, दुसरा आग्नेय किनाऱ्याला, बॉटम बेकडे. वाटेत एबीसी हायवेची, म्हणजे तिथल्या मुख्य महामार्गाची, मोठी सर्कल्स लागतील, त्यातली काही सोबर्स, वीक्स, वॉलकॉट यांच्या नावाची. सासरे क्रिकेटवाले असतील तर त्यांना आधी सांगू नका, पाटी त्यांनाच वाचू दे. ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल मैदान मात्र बसनेच बघा, शहरात पार्किंगचा त्रास आहे. 29 जून 2024 ला आपण टी-20 विश्वचषक तिथेच जिंकलो.

डिसेंबरात पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो आणि आतल्या रस्त्यांवर दिवे विरळ आहेत. पाचला परतीला लागा. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे खायला जाल, तेव्हा टॅक्सीच करा आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरशी ठरवून ठेवा.

मुलीच्या कपड्यांत लष्करी नक्षीची टोपी किंवा पँट असेल तर घरीच ठेवा, तिथे लहान मुलांनाही ती घालायला कायद्याने बंदी आहे. आणि त्या दोन दिवसांची गाडी आत्ताच ठरवून टाका. डिसेंबर म्हणजे तिथला ऐन हंगाम, पाचजणांची मोठी गाडी आयत्या वेळी मिळत नाही.