एचबीएसएजी ही आजाराची खूण, मग तेच लशीत कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जहाजावरच्या नोकरीसाठी भावाचं मेडिकल झालं, त्यात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह आलं. तुम्ही वाचायला बसलात, तर हिपॅटायटिस बीच्या लशीतही एचबीएसएजीच असतं असं कळलं. मग हे प्रथिन आहे तरी काय, ते करतं काय, आणि आजाराची खूण असलेली वस्तू आपण तान्ह्या बाळाला टोचतो कशी? भावाला आता लस द्यावी का, हेही तुम्ही विचारलंय.

मी गोव्यातल्या फोंड्याच्या एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त तपासतेय. आमच्याकडे तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, होऊ बघणारी मुलं नेहमी येतात, त्यामुळे हा प्रश्न मला समोरासमोर पुष्कळदा विचारला गेलाय. काउंटरवर उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

एचबीएसएजी हे विषाणूचं पाकीट. पत्र त्याच्या आत असतं. पत्र म्हणजे सुमारे ३२०० अक्षरांचा डीएनए, त्याभोवती गाभ्याच्या प्रथिनाचं कवच, आणि त्या सगळ्यावर चरबीचं पातळ आवरण. त्या आवरणात रोवून बसवलेलं प्रथिन ते एचबीएसएजी. अख्खा विषाणू ४२ नॅनोमीटरचा, म्हणजे असे जवळजवळ चोवीस हजार शेजारी शेजारी मांडले तर एक मिलिमीटर भरेल.

आता यातली खरी गंमत. संसर्ग झालेली यकृतपेशी ही पाकिटं तयार करताना हातचं काही राखत नाही. पत्र घातलेली पाकिटं थोडी, आणि रिकामी बेसुमार. ही रिकामी पाकिटं २२ नॅनोमीटरच्या बारक्या गोळ्यांसारखी असतात, काही लांबट दोऱ्यांसारखी. रक्तात एका खऱ्या विषाणूमागे ती हजारपट ते लाखपट असतात. त्यांच्यात डीएनए नाही, त्यामुळे त्यांच्यापासून कुणाला संसर्ग होत नाही. मग विषाणूला एवढा खटाटोप कशाला? कारण आपल्या शरीराने अँटिबॉडी तयार केल्या तरी त्या या रिकाम्या पाकिटांनाच चिकटून संपतात, आणि खरा विषाणू गर्दीतून निसटतो. शिवाय वर्षानुवर्षं इतकं प्रथिन डोळ्यांसमोर राहिलं की आपल्या प्रतिकारपेशी त्याच्याकडे लक्ष देईनाशा होतात, असं संशोधक मानतात.

पण विषाणूची हीच उधळपट्टी आपल्या पथ्यावर पडली. एवढं प्रथिन रक्तात फिरतं म्हणून तर ते सापडतं. रॅपिड कार्डाच्या खाचेत मी सीरमचे, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या पाण्याचे, थेंब सोडते, पट्टीवरून गुलाबीसर ओल सरकत जाते, आणि प्रमाण भरपूर असेल तर थोड्याच वेळात टेस्टची रेघ ठसठशीत उमटते. खरे विषाणू तेवढेच मोजायचे असते तर अशा साध्या कार्डावर ते कधी दिसले नसते. त्यासाठी डीएनएची वेगळी, महागडी चाचणी लागते.

या प्रथिनाचा शोधही रेघेतूनच लागला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत बारूक ब्लुमबर्ग वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची रक्तं जेलमध्ये समोरासमोर ठेवून बघत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम आणि न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं सीरम यांच्यामध्ये एक रेघ उमटली. त्या हिमोफिलियाच्या रुग्णाला आयुष्यभर पुष्कळांचं रक्त चढवलं गेलं होतं, त्यामुळे त्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार होत्या. त्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाच्या सीरममधल्या एका अनोळखी प्रथिनाला चिकटल्या. त्या प्रथिनाला नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. त्याचा कावीळीशी संबंध आहे हे मागाहून उमगलं. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं, आणि २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

आता रचना. हे एकच प्रथिन तीन लांब्यांमध्ये तयार होतं. पेडण्याहून, म्हापशाहून आणि पणजीहून सुटणाऱ्या कदंबच्या तीन बसेस डोळ्यांसमोर आणा. तिन्ही मडगावलाच जाऊन थांबतात. पणजी ते मडगाव हा टप्पा तिघींना सामाईक. तसंच इथे एका जनुकावर सुरुवातीच्या तीन जागा आहेत आणि शेवट एक. पणजीहून निघालेलं ते लहान प्रथिन, २२६ अमिनो आम्लांचं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी). म्हापशाहून निघालेल्यात पुढे ५५ जादा, ते मधलं. पेडण्याहून निघालेल्यात आणखी १०८ किंवा ११९ (विषाणूच्या जातीवर अवलंबून), ते मोठं. रिकाम्या गोळ्यांमध्ये बहुतेक सगळं लहानच असतं. खऱ्या विषाणूवर मोठं प्रथिन भरपूर असतं. मधलं नसलं तरी विषाणूचं फारसं अडत नाही.

मोठ्याशिवाय मात्र त्याचं पान हलत नाही, कारण पेडणे ते म्हापसा या पहिल्या टप्प्यात दोन कामं आहेत. काही रेणूंमध्ये हा टप्पा आतल्या बाजूला वळलेला असतो आणि डीएनएच्या कवचाला धरून ठेवतो. उरलेल्यांमध्ये तो कूस बदलून बाहेर येतो आणि किल्ली बनतो. एकच प्रथिन, आत असेल तर पत्राला धरणारं आणि बाहेर असेल तर दार उघडणारं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

किल्लीच्या अगदी टोकाला मिरिस्टिक आम्ल नावाचं एक चरबीचं आम्ल जोडलेलं असतं. हे नाव जायफळावरून आलंय. मिरिस्टिका म्हणजे आपल्या कुळागरातलं तेच जायफळाचं झाड, आणि जायफळाच्या चरबीत हे आम्ल भरपूर असतं. ते काढून टाकलं तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. आणि कुलूप? ते कित्येक वर्षं कुणाला सापडत नव्हतं. २०१२ साली बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने ते शोधलं. एनटीसीपी त्याचं नाव. यकृताच्या पेशीवर बसून रक्तातले पित्तक्षार आत ओढून घेणं हे त्याचं रोजचं काम. ते मुख्यतः यकृतावरच असतं, हा विषाणू यकृतालाच का धरतो याचं मोठं कारण हेच. मग संशोधकांनी किल्लीच्या पुढच्या ४७ अमिनो आम्लांची नक्कल करून, तिला तेच मिरिस्टिक आम्ल जोडून औषध बनवलं. ती नकली किल्ली कुलपात अडकून बसते आणि खऱ्या किल्लीला जागाच उरत नाही. त्या औषधाचं नाव बुलेव्हिर्टाइड, युरोपात २०२० पासून हिपॅटायटिस डीसाठी वापरतात. डीचा विषाणू स्वतःचं पाकीट बनवतच नाही, बीचं उसनं घेतो, म्हणून किल्लीही तीच.

आता लस. लशीत असतं फक्त लहान प्रथिन, पणजी-मडगाव टप्पा. ते आवरणातून चार वेळा आत-बाहेर ओवलेलं असतं, आणि मधला एक वळसा बाहेर डोकावतो. त्या वळशात सिस्टीन नावाची आठ अमिनो आम्लं आहेत. ती गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांशी शिवली जाऊन वळशाला घट्ट आकार देतात. अँटिबॉडी ओळखतात तो हा आकार. टाके उसवले की धागा तोच राहतो, पण ओळख बरीचशी पुसली जाते. म्हणून लस बनवताना आकार टिकवणं महत्त्वाचं.

पहिली लस १९८१ साली आली. ती चक्क आजाराच्या वाहकांच्या रक्तातली रिकामी पाकिटं गाळून, शुद्ध करून बनवत. १९८६ पासून ते प्रथिन यीस्टकडून बनवून घेतात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पिठात जे यीस्ट फुगतं त्याच जातीच्या यीस्टमध्ये विषाणूचा एवढाच एक जनुक घातला, की ते २२ नॅनोमीटरच्या गोळ्यांचं प्रथिन तयार करून देतं. पत्र कधी तिथे नव्हतंच, त्यामुळे या लशीतून हिपॅटायटिस होण्याचा प्रश्नच येत नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये भारतातली अशी पहिली लस आणली आणि मग किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आज बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस देतात. त्या २४ तासांसाठी मी कुणाशीही भांडेन. प्रसूतीच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा राहतो, धडधाकट मोठ्या माणसांत ५ टक्क्यांहून कमी जणांत.

विषाणू पाकीट बदलून चकवू शकत नाही का? थोडंफार करतो. वळशातल्या १४५ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसलं की लशीच्या अँटिबॉडीची पकड सुटते. तपासणीच्या काही किटनाही तो विषाणू सापडत नाही. पण पाकिटाचा जनुक ज्या अक्षरांत लिहिलाय, त्याच अक्षरांत डीएनएची नक्कल काढणाऱ्या प्रथिनाचाही मजकूर आहे. एक अक्षर बदलायला जावं तर दुसरीकडचा अर्थ बिघडतो. म्हणून इतकी वर्षं तीच लस काम करतेय.

आता तुमच्या भावाकडे येते. दोनेक वर्षांपूर्वी सावर्ड्याचा एक मुलगा आमच्याकडे आला होता, जहाजावर जाणारा. कार्डावर फिकट रेघ आली, एलायझा ही लॅबमधली दुसरी चाचणीही जेमतेम पॉझिटिव्ह. आई बाकावर बसून रडायला लागली. मी त्याला सहज विचारलं, लस कधी घेतली? चार दिवसांपूर्वी, कुणीतरी मेडिकलआधी घे म्हणाल्यावरून. आम्ही त्याच्या रक्तात लशीचंच प्रथिन मोजत होतो. लशीनंतर काही दिवस, कधी अडीच-तीन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. महिन्याने पुन्हा तपासलं, निगेटिव्ह. तेव्हा भावाने मेडिकलच्या आधीच्या महिन्यात लस घेतली होती का, हे सगळ्यांत आधी विचारा.

घेतली नसेल तर आता लस देऊन उपयोग नाही. त्याच्या रक्तात तेच प्रथिन लशीपेक्षा कितीतरी जास्त फिरतंय, त्यात थोडी भर घालून शरीर जागं होणार नाही. त्याची एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का याची खूण), एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती) आणि एएलटी (यकृताला इजा होतेय का) तपासून घ्या, आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचे उपचार मोफत आहेत. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी राहिलं तर तो जुनाट संसर्ग धरतात. तेव्हाही औषध सगळ्यांना लागतंच असं नाही, पण तपासण्या आयुष्यभर चुकवू नयेत. गोळ्यांनी डीएनए खाली येतो, एचबीएसएजी मात्र सहसा जात नाही. दर वेळी रेघ दिसली म्हणून त्याने औषध सोडू नये. आणि त्याचं ताट वेगळं करू नका. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा.

घरातल्या बाकीच्यांची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी) करून घ्या. अँटी-एचबीएस १० mIU/mL किंवा वर असेल तर संरक्षण आहे. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस त्याहून कमी असेल तर लस. फक्त क्रम पाळा: आधी तपासायला रक्त द्यायचं, मग दंडावर लशीची सुई.