पंचवीस अंकांची संख्या सव्विसाव्या अंकाशी का अडते?

प्रश्न : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येचे डावीकडचे पहिले दोन अंक घेतले तर २ ने, तीन घेतले तर ३ ने, असं करत सबंध संख्येला २५ ने भाग जातो म्हणतात. एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे अंक शून्य होतात. मग पडताळायची कशी? आणि ही साखळी २५ वरच का थांबते?

उत्तर : एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढे मुकाट्याने शून्यं भरतं. इथे सोळावा अंक शून्यच आहे, त्यामुळे घोटाळा सतराव्यापासून दिसतो. सेल ‘टेक्स्ट’ केला तर अंक टिकतात, पण भागाकार करायला गेलात की पुन्हा तेच. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. मात्र तिथेही साधा भागाकार करू नका, त्यात दशांश येतो आणि अंक गळतात. बाकी काढणारं % हे चिन्ह वापरा.

खरं तर कागदावर हे काम जास्त खात्रीचं होतं. पूर्ण संख्या हाताळायचीच नाही, फक्त बाकी पुढे न्यायची : बाकीला १० ने गुणा, पुढचा अंक मिळवा, पुन्हा बाकी काढा. पहिल्या १७ अंकांना १७ ने भागताना बाक्या अशा येतात : ३, २, ३, ४, ११, १०, ६, ०, ५, १६, १०, ४, १४, ८, १२, १ आणि शेवटी १७, म्हणजे बाकी शून्य. हमखास चूक होते ती संख्येतल्या शून्यांपाशी. मिळवायला काही नाही म्हणून ती पायरी गाळली जाते. पण १० ने गुणायचं असतंच.

आता २५ चं. शेवटी एक अंक जोडायला दहाच पर्याय (० ते ९), म्हणजे लागोपाठच्या दहा संख्या. भाजक १० पर्यंत असेल तर त्यांतल्या एकीला तरी भाग जाणारच. ११ पासून ती हमी संपते. म्हणून अशा संख्या ९ अंकी आणि १० अंकी प्रत्येकी २४९२ आहेत, पुढे गळती लागते : २० अंकी ४४, २४ अंकी ३, आणि २५ अंकी ही एकटीच. (आपला परार्ध १८ अंकांत संपतो, तेव्हा ही वाचून दाखवायला नाव शोधत बसू नका.)

तिला सव्विसावा अंक जोडून बघू. २६ ने भागल्यावर बाकी उरते ९. दहापट केली की ९०, त्यातून ७८ गेले, उरले १२. भाग जायला वर आणखी १४ हवेत, आणि एका घरात ९ च्या वर काही बसत नाही.

मुलांना करायला द्यायची असेल तर ३८१६५४७२९० घ्या. हाच गुण, शिवाय ० ते ९ हे सगळे अंक एकेकदाच. अशी दहा अंकी संख्या दुसरी नाही.