दुखायचं थांबलं, म्हणजे दाढ बरी झाली का?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत आलं आहे: "आता दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?" म्हणून ज्या पत्रात ते सगळ्यात ठळक आहे, त्याच्यापासून सुरुवात करतो.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझी खालची दाढ रात्र रात्र ठणकत होती. वेदनाशामक गोळ्या घेतल्या, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. आठवडाभरात आपोआप थांबलं. आता थंड-गरम काहीच लागत नाही. तरी दाखवायला हवं का?

हवं. खरं तर दुखत होती तेव्हापेक्षा आता जास्त घाई करा. "काहीच लागत नाही" हे तुम्ही आनंदाने लिहिलंय, पण मला काळजी वाटली ती त्याच तीन शब्दांची.

दाताच्या वरच्या कवचाला, म्हणजे इनॅमलला, संवेदनाच नसते. कीड तिथे असते तोवर माणसाला पत्ता लागत नाही. ती आतल्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, पोचली की थंड आणि गोड झिणझिणायला लागतं. या टप्प्यावर बहुतेक वेळा साध्या फिलिंगवर भागतं. त्याच्याही आत दाताचा जिवंत गाभा असतो, ज्याला सगळे 'नस' म्हणतात. बोटाला लागलं तर बोट सुजतं, त्याला फुगायला जागा असते. दाताच्या आत चारी बाजूंनी टणक भिंती. सूज आली की दाब वाढतो तो नसेवरच. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून दिवसा सोसवणारी दाढ रात्री उठवून बसवते.

हा ठणका काही दिवसांनी थांबतो, कारण नस मेलेली असते. दुखावणारंच कोणी उरत नाही. जंतू मात्र तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर सावली दिसते, ती हाड विरघळल्याची. काहींना हिरडीवर छोटी पुटकुळी येते, फुटते, तोंडात खारट घाण चव येते, पुन्हा येते. ती पू बाहेर पडायची वाट असते. तिच्यामुळे दाब साचत नाही आणि दुखत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं तिच्यासोबत राहतात.

दवाखान्यात आम्ही एक साधी चाचणी करतो. गारेगार केलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावायचा. पेशंट चटकन हात वर करतो. मग तोच बोळा संशयित दाढेला. पाच सेकंद, दहा सेकंद. पेशंट शांतपणे विचारतो, "लावलात का, डॉक्टर?" तेव्हा मला उत्तर मिळालेलं असतं.

तुमच्या दाढेला बहुधा रूट कॅनल लागेल. दाढेत साधारण तीन-चार नळ्या असतात, त्या आतून स्वच्छ करून भरायच्या आणि वर कॅप बसवायची. फार पोखरली असेल तर काढावी लागेल. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने जागा थोडी बधिर होते हे खरं, पण ते जंतूंच्या मुक्कामापर्यंत पोचत नाही आणि हिरडीला भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दाताशी दाबून धरण्याचा प्रकार तर कधीच करू नका. हिरडीची कातडी पांढरी होऊन सोलून निघते.

प्रश्न : मागच्या वेळी दिलेलं अँटिबायोटिक घरात उरलंय. दात दुखला की दोन-तीन दिवस घेतो, बरं वाटतं. चूक आहे का?

चूक आहे. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेला रक्तच पोचत नाही. आजूबाजूची सूज थोडी ओसरते, उगम तसाच राहतो, आणि अर्धवट डोसांनी जंतू औषधाला सरावतात. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तर आम्हीही अँटिबायोटिक देतो, पण दातावरच्या उपचारासोबत. त्याऐवजी नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात अशा पातळीवर असतात की तिथला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. विल्हेल्म फ्रिडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. हनुवटीखाली कडक सूज, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, आवाज बसल्यासारखा, श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, दाताच्या दवाखान्याची वेळ विचारत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा. डोळ्यापर्यंत चढणाऱ्या सुजेलाही हेच लागू.

प्रश्न : ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून त्या जागी ब्रश करणं सोडलंय. डॉक्टर स्केलिंग (मशीनने दात साफ करणं) सांगतात, पण त्याने दात हलायला लागतात असं सगळेच म्हणतात. मला डायबेटिस आहे.

ब्रश सोडलात तिथेच घोटाळा झाला. रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजलेली असते, म्हणून येतं. तिथला ब्रश थांबवला की थर वाढतो, रक्तही वाढतं. मऊ ब्रशने नीट साफ करत राहा. नुसता मऊ थर असेल तर साधारण दोन आठवड्यांत रक्त कमी झालेलं दिसेल. तो कडक होऊन दगड झाला असेल, तर ब्रशने निघत नाही. स्केलिंगच लागतं.

आता दात हलण्याचं. दगड हिरडीखाली सरकत गेला की दाताला धरणारं हाड झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, पण दगडाच्या आधाराने गप्प उभा असतो. दगड काढला की फट उघडी पडते, जीभ दिवसभर तिथेच जाते आणि दोष स्केलिंगच्या माथी. हा गैरसमज मी इतक्या वर्षांत इतक्यांदा खोडलाय की आता मी आधी एक्स-रेवर झिजलेलं हाड दाखवतो आणि मगच मशीन हातात घेतो. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

डायबेटिसमुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजारामुळे साखर आटोक्यात राहत नाही. हिरड्यांवर उपचार झाल्यावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, थोडं खाली येतं, असं अनेक रुग्णांत दिसलंय. तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांनाही हे सांगा. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी जाता जाता : तुमच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. ते आरोग्याचं लक्षण नाही, सिगारेट खूण झाकते एवढंच.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची आहे. दाढ किडलीये. दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला, असं सासूबाई म्हणतात.

आधी ती दुधाचीच आहे का ते बघा. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. पाच दात दुधाचे. मागे सहावी दाढ दिसली तर ती कायमची. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ कुठलाही दात न पडता मागून गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि आयुष्यभराची दाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच पोखरली जाते. ही गफलत मी वारंवार पाहतो.

आणि दुधाची असली तरी दुधाच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. सासूबाईंना सांगा, वाकडे आलेले दात सरळ करायच्या तारांचा खर्च जास्त असतो.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. दात दाखवू का बाळंतपणानंतर?

आत्ताच. चौथा ते सहावा महिना यासाठी सगळ्यात सोयीचा. फिलिंग, स्केलिंग, भूल देऊन केलेले उपचार या काळात सुरक्षित असतात. गरोदर आहात हे मात्र खुर्चीवर बसण्याआधी सांगा.

प्रश्न : गालाच्या आत दाताचं टोक घासून जखम झालीये. महिना झाला, पण दुखत नाही. तंबाखू खातो.

या आठवड्यातच दाखवा. टोक गुळगुळीत केल्यावर साधी जखम दोन आठवड्यांत भरायला हवी. भरली नाही तर तुकडा काढून तपासावा लागतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला अनेकदा दुखत नाही. तुमचं पत्र वाचून मी पहिलं उत्तर तुम्हालाच पाठवलं आहे, इथे ते इतरांसाठी.

प्रश्न : अकरा वर्षं दाताच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. मागच्या वेळी भूल चढलीच नव्हती. भीती वाटते.

तुमची भीती खोटी नाही. पू झालेल्या, सुजलेल्या जागी भूल खरंच नीट चढत नाही, तिथलं आम्ल औषधाचं काम बिघडवतं. म्हणजे जो घाबरून थांबतो, तो नेमका भूल न चढण्याच्या अवस्थेत येऊन पोचतो आणि पुढची अकरा वर्षं येत नाही. आमच्यातही असे असतात. माझ्या स्वतःच्या अक्कलदाढेकडे मी दोन वर्षं काणाडोळा केला होता.

पहिल्या भेटीत फक्त दाखवायला या आणि फोनवरच तसं सांगा. मागचा अनुभव डॉक्टरांना शब्दांत सांगा, म्हणजे ते भूल पुरेशी चढली का हे तपासूनच हात लावतील. सकाळची वेळ घ्या, उपाशी येऊ नका. डावा हात वर केला की काम थांबवायचं, एवढं आधी ठरवून घ्या. बहुतेक पेशंट तो हात एकदाच वर करतात, खरंच थांबतात का हे बघायला.